काल काय खाल्लंत?

४ ऑगस्ट, सोमवार

आज तिसऱ्या मजल्यावर एका पेशंटच्या मुलाने अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं — "डाएट आली का, डाएट?" आली! दोन महिने झाले येतेय. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, सगळ्यांसाठी मी डाएट. आईने बारशाला योगिनी असं नाव ठेवलं होतं. ते गळ्यातल्या कार्डावर आहे आणि कार्ड कायम उलटं फिरलेलं.

एम.एस्सी. झाली. आता हॉस्पिटलची सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग परीक्षा, मग म्हणे रजिस्टर्ड डाएटिशियन. आईला समजावून सांगता सांगता तोंड दुखलं. ती गावात सांगते, पोरगी नाशिकला जेवणाची डॉक्टर होतेय. त्यावर शेजारची म्हणाली, "जेवाया शिकवायला डाक्टर कशाला लागतोय बाई?" काय चुकलं तिचं!

दिवसभर एकेका खाटेपाशी जाऊन विचारते — जेवलात का? किती जेवलात? का नाही जेवलात? मला कोणी विचारत नाही. तक्रार करत नाहीये, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, तक्रारच आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

निकिता म्हणजे माझ्याबरोबरची दुसरी इंटर्न. पंचवटीतली, घरून डबा आणते. तिचा डबा उघडला की सगळ्या खोलीत गोडा मसाला दरवळतो. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "घे ना." मी म्हणाले, "नको गं, झालं माझं." झालं कुठलं! पण आपल्याकडे तीनदा आग्रह करतात आणि तिसऱ्यांदा "बरं, एवढंसं दे" म्हणायचं असतं. निकिताने एकदाच केला. मी उरलेल्या दोनांची वाट बघत बसले. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी मागितलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन. रोज आठच्या सुमारास येतो.

"जेवलीस का?"

"हो."

"काय केलंतं?"

"भेंडी. पोळ्या. वरण-भात."

केलं होतं काय, तर चहा. त्यात बुडवून बिस्किटं. इंदिरानगरात बंगल्यामागची ही वरची खोली घेतली ती मुद्दाम ओटा आहे म्हणून. शेगडी आहे, सिलिंडर भरलेला आहे. पण एकटीसाठी मूठभर तांदूळ धुवायचे म्हटलं की हातच उचलत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाहेर कळलं तर हसतील लोक — डाएट काय खाते, तर बिस्किटं.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी? पिठलं केलं, भाकरी, ठेचा घातला. वर ताक प्याले. लय झालं बघ जेवण." आई अंगणवाडीत मदतनीस आहे, दिवसभर पोरांची खिचडी शिजवते. बाबा गेल्यापासून घरात एकटीच. रविराजदादा चाकणला. ती एकटी असूनही रीतसर चुलीपाशी बसते आणि मी चोवीस वर्षांची घोडी बिस्किटं खाते. लाज वाटली. बिस्किटांचा पुडा संपवला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज ओपीडीत सिंधुबाई आल्या. सातपूरला राहतात, मूळच्या इगतपुरीकडच्या. साठीच्या आसपास. नऊवारी इतकी सैल झालीय की निऱ्या दोनदा खोचलेल्या. पोटात गाठ आहे. तपासणीत साधी निघाली, पण वाढतेय, काढायलाच हवी. सर्जननी सरळ सांगितलंय — अंगात काही नाही, टाके धरणार नाहीत. वजन वाढवा, प्रोटीन वाढवा, दसऱ्यापर्यंत जमलं तर ऑपरेशन. नाहीतर गाठ आतड्यांवर दाब द्यायला लागेल आणि मग घाईघाईत जोखीम घ्यावी लागेल. गर्गे मॅडम म्हणाल्या, "ही केस तू घे. केस स्टडीला होईल." गर्गे मॅडम आमच्या प्रमुख. त्यांची सही झाल्याशिवाय इंटर्नशिप संपत नाही.

मी खुर्ची ओढली, वाट्या-पळ्यांचा ट्रे पुढे ठेवला आणि आमच्या धंद्याचा एकुलता एक प्रश्न विचारला. काल सकाळपासून काय काय खाल्लंत?

"सकाळी च्या. संगं दुधात भाकर. दुपारी तांदळाची भाकर, कुळथाचं पिठलं, कांदा. तिसऱ्या पारी गूळ-शेंगदाणं. राती मंग भात, मुगाची आमटी, गवारीच्या शेंगा. नातवानं अंडं मागितलं म्हून सुनंनं अंडी उकडली, एक मला दिलं. आन् ताक."

वा! दुसऱ्या पेशंटांच्या घशातून एकेक घास ओढून काढावा लागतो. सिंधुबाईंनी स्वतः दाखवलं, पिठलं या वाटीने, आमटी त्या वाटीने. "आमी समदी संगतीच बसतो जेवाया," म्हणाल्या. "मुलगा, सून, नातू. सून लय करती माझं." मग आज एकट्याच कशा आल्यात? "संतोषला शिफ्ट हाय ना."

एवढं खाऊन वजन कसं उतरतंय कळत नाही. मी आणखी एक अंडं, एक वाटी दही आणि प्रोटीनची पावडर लिहून दिली.

निघताना मलाच विचारलं, "तू कुठली गं?"

"कळवणकडची."

"आन् हितं एकलीच? मंग जेवती काय?"

"सगळं करते की," मी म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

१३ ऑगस्ट

आज कोणाशीच बोलले नाही. ड्यूटीवर बोलते ते धरत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सिंधुबाईंचं वजन सव्वा किलोने कमी! दोनदा काटा तपासला. आहार विचारला — पहिल्यापेक्षा भरगच्च. मेथीची भाजी, उडदाचं वरण, दोन अंडी, दही, रात्री खीर. "आन् ताक." मी हिशेब केला. कागदावर ही बाई पैलवान व्हायला हवी. समोर बसलीय ती खुर्चीच्या अर्ध्यात मावते.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. इंटर्नना सुट्टी अर्धीच. खाली घरमालकांकडे आरती चालू होती. काकू जिन्यातून म्हणाल्या, "ये हं प्रसादाला." गेले. घरात त्यांचीच माणसं मावत नव्हती. मोदक हातात दिला, मग त्या आत गेल्या. मी दारात उभं राहून खाल्ला आणि वर आले.

आईला सांगितलं, पोटभर मोदक झाले. ती म्हणाली, तिनेही केले होते — एकवीस. एकटीने एकवीस मोदक! माझी आई म्हणजे कमाल आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस कोणावर येऊ नये.

सिंधुबाई आणखी उतरल्या. सर्जननी मॅडमना फोन केला, "तुमचं डाएट चालू आहे का नुसतं कागदावर?" मॅडमनी मला बोलावलं. निकिता तिथेच. "तुझा वाटीचा अंदाजच चुकतोय. तीन महिने काय शिकलीस?" पँट्रीत नेलं, भाताचं भांडं पुढे ठेवलं, म्हणाल्या, मोज. मी एम.एस्सी. झालेली बाई पँट्रीतल्या मावश्यांसमोर भात मोजत बसले. अंदाज बरोबर निघाला. मॅडम आणखी चिडल्या. "मग पेशंट खोटं बोलतेय, नाहीतर तू नीट विचारत नाहीस."

सिंधुबाई आणि खोटं? काही पेशंट पथ्य मोडतात आणि लपवतात, ते ठाऊक आहे. साखरवाले चोरून जिलबी खातात. पण जास्त खाल्लं असं कोण खोटं सांगेल?

स्टोअरमध्ये पावडरच्या डब्यांमागे जाऊन रडले. स्वतःसाठी रडले, हे कबूल. पण सिंधुबाई जाताना जिन्यावर दोनदा थांबल्या, कठड्याला धरून. ते डोळ्यांसमोरून जात नाही. दसऱ्याला महिना राहिला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कळलं!

आईचा फोन आला. "काय जेवलीस?" मी सुरू झाले — "फ्लॉवर-बटाटा, दोन पोळ्या, वरण-भात, काकडीची कोशिंबीर…" बिस्किटाचा तुकडा अजून दाढेत. आणि तोंडातून पुढे निघालं — "आणि ताक."

तिथेच थांबले. आई हॅलो हॅलो करत राहिली.

खरं जेवलेल्या माणसाला सांगता येत नाही. तीन महिने ओपीडीत हेच बघतेय. "काय बाई, भाजी-भाकरी." कसली भाजी? "थांबा हां… अगं, काल काय होतं?" तेल विसरतात, चहा विसरतात, येता जाता तोंडात टाकलेला वडा विसरतात. जेवलं की विषय संपतो. सिंधुबाई कधी चटणीसुद्धा विसरल्या नाहीत. त्यांचं ताट भरलेलं होतं, कारण ते बसल्या बसल्या भरलं होतं. माझ्यासारखंच!

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मीच त्यातली आहे म्हणून कळलं.

७ सप्टेंबर, रविवार

सातपूरला गेले. केस पेपरवर पत्ता होता. कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदलेत, बस तीनदा वळसा घालून पोचली. कामगार वसाहतीतलं बैठं घर. दाराशी तुळस, धुणं एकाच माणसाचं.

आतमध्ये एक पलंग. ओट्यावर टोस्टची पिशवी आणि चहाचं पातेलं, बाकी भांडी फळीवर पालथी, धूळ बसलेली. माझी पावडर देवाजवळ, सील न फोडलेली. संतोष दोन वर्षांपूर्वीच पुण्याला बदलून गेला, बायको-मुलासकट. शेजारच्या मनीषाताईंनी सांगितलं. सिंधुबाई पलंगाची चादर सारखी करत राहिल्या.

मी रागावणार होते. मोठं भाषण तयार केलं होतं बसमध्ये. तर त्याच म्हणाल्या, "एकलीसाठी काय चूल पेटवायची गं? आन् तू इचारायचीस ना, काल काय खाल्लं? आसं कोनी समोर बसून इचारत नाय. मंग टोस्ट खाल्ला आसं कसं सांगू? तुला वाईट वाटलं आसतं."



मग त्या उठल्या. "आता आलीच हाय तर जेवल्याबिगर नाय जायचं."

"नको, झालंय माझं."

"गप. बस."

"खरंच झालंय."

"बस म्हन्ते ना!"

आग्रह तीन वेळा झाला. बसले. तांदूळ निवडले त्यांनी, कुळथाचं पीठ मनीषाताईंकडून आलं. दोन ताटं घेतली. मी म्हणाले, तुम्ही आधी बसा. म्हणाल्या, पाव्हण्याला एकल्याला जेवाया लावत नाय, आमच्यात पाप लागतं. आणि जेवल्या! भात, पिठलं, परत भात. मी चोरून त्यांचे घास मोजत होते. सवय. मग मोजायचं विसरले, कारण मीच तिसऱ्यांदा भात घेत होते.

८ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना सांगितलं सगळं. त्या चष्मा काढून बसल्या. म्हणाल्या, "पेशंटच्या घरी जेवायला जात नाहीत. आपण आहार लिहून देतो, सोबत लिहून देत नाही."

मी म्हणाले, "मग त्या जेवणार नाहीत."

"मला काही सांगू नकोस," मॅडम म्हणाल्या. मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "अंडी दोन खायला लाव."

१० सप्टेंबर

ड्यूटी सुटली की सातपूर. आज उडदाचं वरण होतं. खरं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उतरलं नाही! वाढलंही नाही, पण उतरलं नाही. सिंधुबाई काट्यावर अशा उभ्या राहिल्या जसा काही दहावीचा निकाल आहे.

आमच्यात एक ठरून गेलंय, कोणी बोललेलं नाही. त्या स्वतःसाठी करत नाहीत, पाव्हणीसाठी करतात. मी त्यांच्यासाठी जात नाही, जेवायला जाते. दोन अंडी उकडतात, मी म्हणते मला एक पुरे, मग दुसरं वाया जाऊ नये म्हणून त्या खातात. पावडर दुधात घालून आधी मी चाखते, तोंड वाकडं करते, त्या हसून सगळी पितात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊण किलो वर. नवरात्र बसलं तरी उपवास धरला नाही त्यांनी. "देवीला सांगितलं, औंदा जेवते, पुढल्या साली दुप्पट धरीन." देवी ऐकेल. सर्जन तरी ऐकोत.

आईला फोनवर सिंधुबाईंचं सगळं सांगितलं, टोस्टपासून ताकापर्यंत. एकटं माणूस कसं जेवत नाही आणि कसं खोटं सांगतं. बराच वेळ ऐकत होती. शेवटी नुसतं "व्हय का?" म्हणाली. मग म्हणाली, रेंज जातेय.

३० सप्टेंबर, मंगळवार

रक्त बरं आलंय. सर्जन म्हणाले, करून टाकू. तारीख मिळाली — सहा. दसऱ्यानंतर लगेच.

संतोषला मीच फोन केला. सिंधुबाई नको नको म्हणत होत्या, त्याला सुट्टी मिळत नाही, सून दमते.  तो म्हणाला, "मॅडम, ती मला रोज सांगायची, मनीषाकडं जेवते म्हणून."

६ ऑक्टोबर, सोमवार

झालं ऑपरेशन. नारळाएवढी गाठ निघाली. संतोष बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले. ड्यूटीवर होते तरी बसले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

टाके धरले! आधी पेज, मग मऊ भात. आज स्वतःच्या हाताने जेवल्या. मला म्हणाल्या, "हितलं वरण पातळ हाय. तू सांगत नाय का त्यान्ला?"

केस स्टडी लिहायला घेतली. 'उपचार' या मथळ्याखाली काय लिहू? रोज संध्याकाळी पिठलं? मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "लिही — दैनंदिन समुपदेशन." आणि सही केली. सहीपाशी मला फार आनंद होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सिंधुबाई पुण्याला गेल्या. संतोष गाडी घेऊन आला होता, नातूही. दिवाळी तिकडेच आणि मग तिकडेच. हे चांगलं झालं. मला हेच हवं होतं. किती जणांना आज मी हे सांगितलं!

गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "येत जा जेवाया." कुठे, पुण्याला? पण "हो" म्हणाले.

ड्यूटीनंतर पाय सातपूरच्या बसथांब्याकडे वळले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं. दोन बस सोडल्या आणि घरी आले. सगळी मेहनत पेशंट आपल्याला सोडून जाण्यासाठी करायची असते, असलाच धंदा निवडला मी.

१५ ऑक्टोबर

बिस्किटं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ वाजता आईचा फोन. "जेवलीस का?"

"नाही," म्हणाले. कसं निघून गेलं कोण जाणे. "नाही जेवले. जूनपासून खोलीवर जेवत नाहीये, आई. एकटीचं होत नाही."

 मला वाटलं, आता रेंज जाईल. मग ती म्हणाली, "मीबी नाय गं. तू गेल्यापासून रातचं करतच नाय मी."

"आणि ते पिठलं? मोदक?"

"तुला वाईट वाटू नये म्हून."

कोणीच फोन ठेवला नाही. मी तो फळीवर ठेवून तांदूळ धुतले, तिकडे तिने धुतलेले ऐकू आले. शिट्टी तिची आधी झाली.